निर्वासिताच्या खतावणीतली पहिली पानं

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागवाल्यांची खाती लिहिण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. काही वर्षांपूर्वी एका घरी वर्षअखेरीचे कागद घ्यायला गेले होते, तेव्हा मालकांच्या आईने माळ्यावरची एक वही काढून दाखवली. लाल कापडी बांधणीची, कडा कसरीने कुरतडलेल्या. वही त्यांच्या सासऱ्यांची, बाहेरून या शहरात आलेल्या माणसाची. अक्षरं तेलुगू, मला वाचता येईनात, म्हणून आजी वाचत गेल्या आणि मी ऐकत गेले. पहिली कित्येक पानं नुसती देण्याची. किराणा, खोलीचं भाडं, गावाकडच्या सावकाराचं व्याज, बायकोचं बाळंतपण. जमेच्या बाजूला फक्त आठवड्याची मजुरी, तीही आधी दुसऱ्याच्या मागासाठी कांड्या भरण्याची आणि मग विणण्याची. सातव्या वर्षाच्या पानावर एक ओळ वेगळ्या शाईत होती: माग घेतला. आजींनी तिच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "आमचं घर इथून सुरू झालं."

आज त्या घरात बारा माग चालतात. वहीची पहिली पाच-सहा पानंच कुणी तपासली असती, तर हा माणूस शहरावर बोजा आहे, असाच शेरा त्याने मारला असता.

निर्वासितांवरची चर्चा वाचताना मला ती वही आठवते. घर सोडून आलेल्यांना जागा द्यावी की नाही, दिली तर ते कमावते होतील की कायम पोसावे लागतील, असा वाद युरोप-अमेरिकेत चालतो आणि आपल्याकडेही चालतो. दोन्ही बाजू आकडे फेकतात. हा आकडा कितव्या वर्षाचा, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते सगळं उत्तर तिथेच आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांवरून निर्वासिताचं मोल ठरवणं चूक आहे. आणि 'काळ जाऊ द्या, आपोआप रुळतील' असं म्हणून त्याला त्या वर्षांत रिकामा बसवून ठेवणं ही त्याहून मोठी चूक आहे.

२०१७ साली अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या दोन अर्थतज्ज्ञांनी तिथे वसवलेल्या निर्वासितांचा दीर्घकाळाचा हिशोब मांडला. तरुण वयात, म्हणजे १८ ते ४५ या वयात आलेल्यांचं चित्र सुरुवातीला वाईटच दिसतं. काम कमी, सरकारी मदतीवर अवलंबून राहणं जास्त. पण सहा वर्षं झाली की त्यांच्यातलं काम करणाऱ्यांचं प्रमाण तिथे जन्मलेल्यांपेक्षाही वर जातं. वीस वर्षांचा ताळा केला तर मदत म्हणून घेतलं त्यापेक्षा माणशी सुमारे २१,००० डॉलर जास्त कर त्यांनी भरलेला असतो. मुलांच्या बाबतीत वय महत्त्वाचं ठरतं. चौदाव्या वर्षाच्या आत पोहोचलेली मुलं शिक्षणात तिथल्या मुलांच्या बरोबरीला येतात, त्यानंतर आलेली मागे राहतात, कारण भाषा शिकायला शाळेची वर्षंच उरत नाहीत.

या अभ्यासातली एक गोष्ट निर्वासितांच्या बाजूने बोलणारे सांगायची टाळतात, म्हणून ती मी सांगते. काम मिळण्यात ते पुढे गेले, मिळकतीत नाही. तिथल्या माणसाच्या कमाईशी त्यांची कमाई शेवटपर्यंत बरोबरी करू शकली नाही. पोहोचल्यावर काही महिन्यांतच पहिली नोकरी धरावी, असा तिथल्या व्यवस्थेचा आग्रह असतो, आणि विमानाच्या तिकिटाचे पैसेसुद्धा कर्जाऊ असतात, ते फेडावे लागतात. मग मांस कापण्याचा कारखाना, हॉटेलातल्या खोल्या साफ करणं, जे हाती लागेल ते माणूस धरतो. मायदेशी तो शिक्षक होता की गवंडी, हे विचारायला कुणी थांबत नाही.

हे सोलापूरकरांना नवीन नाही. आपल्या शहरात हजारो बायका विड्या वळतात. सकाळी सूप मांडीवर घेऊन बसायचं, पान कापायचं, तंबाखू भरायचा, सूत गुंडाळायचं, आणि हजाराचा आकडा भरला की कारखान्याच्या ब्रँचला नेऊन द्यायचं. गिरण्या बंद पडल्या तेव्हा कितीतरी घरं या बायकांच्या बोटांवर तगली. काम नाही असं त्यांच्यातल्या एकीलाही म्हणता येणार नाही. पण तीस वर्षं विड्या वळून पाठ आणि डोळे गेलेल्या बाईची मिळकत किती वाढली, हे तिच्या पासबुकात बघावं. 'निर्वासित कामाला लागले' या वाक्यावर म्हणूनच मी समाधान मानत नाही. कसल्या कामाला लागले आणि दहा वर्षांनी त्यांना काय मिळतं, हे त्याच दमात विचारायला हवं.

आता वाट पाहायला लावण्याबद्दल. स्वित्झर्लंडमध्ये आश्रयाच्या अर्जावर निर्णय व्हायला कुणाला काही महिने लागले, कुणाला काही वर्षं. अभ्यासकांनी त्या माणसांच्या पुढच्या रोजगाराशी हा काळ ताडून पाहिला. निर्णयाला एक वर्ष जास्त लागलं की काम मिळवणारे शंभरामागे चार-पाच जण कमी झालेले दिसले. जर्मनीत युगोस्लाव्हियातल्या युद्धातून आलेल्यांवर आधी काही काळ काम करण्याची बंदी होती. कुणाच्या वाट्याला ही बंदी सात महिने जास्त आली, एवढाच फरक. पण बंदी उठून पाच वर्षं झाल्यावरही त्या गटात काम करणारे शंभरामागे वीस जण कमी होते. सात महिन्यांची रिकामी बसणूक पाच वर्षांनी भरून निघत नाही, हे मला कुणी आकड्यांशिवाय सांगितलं असतं तरी पटलं असतं. मागावरचा कारागीर वर्षभर घरी बसला की त्याचा हात जातो, आणि हातापाठोपाठ उमेद जाते.

२०१५ साली जर्मनीने सीरिया आणि इतर देशांतून आलेल्या लाखोंना आत घेतलं, तेव्हा हे कधी उभे राहणार, अशीच भाषा होती. सात वर्षांनी त्या वर्षी आलेल्यांपैकी ६४ टक्के कामावर होते. पुरुषांत हे प्रमाण ७५ टक्के आणि बायकांत अवघं ३१. पुरुषांचा आकडा सांगून थांबणाऱ्यांना माझा आक्षेप आहे. लहान मुलं असलेल्या बाईला पाळणाघर मिळालं नाही तर ती भाषेच्या वर्गाला कधी जाणार आणि कामाला कधी लागणार? डेन्मार्कने १९९९ साली निर्वासितांसाठी भाषेचं शिक्षण वाढवलं. त्याचा फायदा अठरा वर्षांनीही कमाईत दिसत होता. त्याच देशाने पुढे २००२ मध्ये निर्वासितांचा भत्ता कापून बघितला. पोटाला चिमटा बसल्यावर लोक सुरुवातीला कामाला पळाले, पण काही वर्षांत तो परिणाम विरून गेला, आणि दरम्यान घरं अधिक गरीब झाली, चोऱ्यामाऱ्या वाढल्या. भूक माणसाला कामावर ढकलते खरी, पण काम शिकवत नाही.

एवढं परदेशाचं सांगितलं, पण या प्रश्नावरचा सगळ्यात मोठा धडा आपल्याच देशात आहे. १९५१च्या जनगणनेत फाळणीने विस्थापित झालेल्यांची संख्या ७० लाखांच्या वर भरली. पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांना परत जायचं नाही, हे सरकारने लवकरच मान्य केलं होतं. पंजाबात शेतकऱ्यांनी पलीकडे सोडलेली जमीन सुमारे ६७ लाख एकर होती आणि इकडे वाटायला ४७ लाख. तरलोक सिंग या अधिकाऱ्याने जमिनीच्या कसावर 'प्रमाण एकर' हे माप ठरवलं आणि चढत्या दराने कपात लावली. ज्याची जमीन मोठी त्याला कात्रीही मोठी. १९४९ संपेपर्यंत अडीच लाखांवर वाटपं झाली होती. दिल्लीजवळच्या फरीदाबादमध्ये समाजकार्यकर्त्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी आग्रह धरला की निर्वासितांचं शहर कंत्राटदाराने बांधायचं नाही, निर्वासितांच्या सहकारी संस्थांनीच बांधायचं. ज्यांनी कधी वीट उचलली नव्हती, ते गवंडीकाम शिकले आणि स्वतःच्या घराची मजुरी त्यांनी स्वतःच कमावली. आपल्या महाराष्ट्रात कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबं येऊन पडली होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचं नाव उल्हासनगर झालं. पापड-लोणच्यापासून सुरू झालेलं ते गाव आज जीन्स शिवण्यासाठी ओळखलं जातं.

पूर्वेकडून, म्हणजे पूर्व पाकिस्तानातून (आजच्या बांगलादेशातून), आलेल्यांशी आपण वेगळं वागलो. एप्रिल १९५० मध्ये दोन्ही देशांनी आपापल्या अल्पसंख्याकांना संरक्षण देण्याचा नेहरू-लियाकत करार केला आणि हे लोक परत जातील, असं दिल्लीने धरून चाललं. परत जाणाऱ्याला जमीन कशाला, भरपाई कशाला? छावणी आणि शिधा पुरे. १९५४चा भरपाईचा कायदा झाला, तोही पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांसाठीच. लोक परतले नाहीत, उलट येतच राहिले. मग १९५८ साली दंडकारण्य प्रकल्प निघाला. खाडीच्या पाण्यात भात आणि मासळीवर वाढलेली माणसं ओडिशा आणि बस्तरच्या कोरड्या जंगलात नेऊन बसवली. ती जमीन कसायचं ज्ञान त्यांच्याकडे नव्हतं, आणि त्या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्या आदिवासींना कुणी विचारलं नव्हतं. वीस वर्षांनी, १९७८ मध्ये, हजारो कुटुंबं तिथून उठून सुंदरबनातल्या मरीचझांपी बेटावर गेली आणि १९७९ मध्ये पोलिसांनी त्यांना तिथूनही हुसकलं. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोली भागात वसवलेल्या बंगाली गावांतही जमिनीच्या मालकीहक्काचा प्रश्न कितीतरी दशकं लोंबकळत राहिला.

दोन्हीकडची माणसं सारखी नव्हती, हे मला मान्य आहे. पश्चिमेकडून शिकलेले आणि व्यापारी अधिक आले, आणि मुसलमानांनी मागे सोडलेली जमीन-घरं तिकडे वाटायला होती. पूर्वेकडून लोक लाटांनी आले आणि शेवटच्या लाटांत सगळ्यात गरीब, दलित शेतकरी होते. पण एवढ्याने सगळा फरक उलगडत नाही. एका बाजूला 'तू आता इथला' असं सांगून हातात कागद दिला, दुसऱ्या बाजूला 'तू पाहुणा' म्हणून शिधा दिला. पाहुणा म्हणून वीस वर्षं बसवलेला माणूस मालकासारखा कसा राबेल?

माणसाला कुठे बसवायचं, हे रिकाम्या जागेवरून ठरवण्याचा सोस केवळ आपल्याकडेच होता असं नाही. स्वीडनने १९८५ पासून निर्वासितांना देशभर पसरवलं, पण घरं जिथे रिकामी होती तिथे पाठवलं. घरं रिकामी का होती, तर तिथलं काम संपलं होतं म्हणून. त्या माणसांची कमाई पुढे कितीतरी वर्षं मागे राहिली.

सोलापूरचे पद्मशाली, म्हणजे इथला तेलुगू विणकर समाज, हे निर्वासित नव्हते. तेलंगणातून दुष्काळ आणि कर्जाने त्यांना रेटलं, गिरण्यांनी आणि हातमागांनी ओढलं. तरीही मला त्यांचं उदाहरण मोलाचं वाटतं, कारण निर्वासिताला ज्या गोष्टी नाकारल्या जातात, त्या सगळ्या त्यांना आल्या दिवसापासून मिळाल्या. कामाला परवाना लागला नाही. येताना जो हुन्नर घेऊन आले तोच या शहराला हवा होता. आधी आलेला भाऊबंद मागावर बसवायला तयार होता. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, बाजारात कन्नड आणि उर्दूही कानावर. तेलुगू शाळा निघाल्या आणि मराठी शिकण्याची वाटही बंद झाली नाही. एक-दोन पिढ्यांत सोलापुरी चादर ही या शहराची ओळख झाली आणि २००५ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. याच शहरात उलट उदाहरणही आहे. इंग्रजांनी ज्यांना जन्माने गुन्हेगार ठरवलं, त्या जमाती सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये काटेरी तारेच्या आत ठेवल्या. त्यांनाही गिरणीत काम दिलं होतं. पण हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. १९५२ मध्ये कायद्याने मुक्तता झाली, पण कपाळावरचा शिक्का पुढच्या पिढ्यांच्या नोकऱ्यांपर्यंत पोहोचला. एक शहर, त्याच गिरण्या. एकाला मोकळेपणाने येऊ दिलं, दुसऱ्याला तारेआड ठेवून कामाला नेलं.

आणि उजनीही विसरता येत नाही. भीमेवरचं ते धरण १९८०च्या सुमारास पुरं झालं आणि करमाळा-इंदापूरकडची गावं पाण्यात गेली. ज्यांची जमीन फुगवट्याच्या काठाला उरली किंवा ज्यांना तिथे पाणी उचलता आलं, त्यांच्यातले बरेच आज केळी-ऊस काढतात. कंदरची केळी परदेशात जातात. ज्यांना कोरड्या माळावर बसवलं आणि कालव्याचं पाणी पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी असं सांगितलं, त्यांच्याकडे धरणग्रस्ताचा दाखला तेवढा राहिला. धरणाच्या वेळी आजोबा ज्या रांगेत उभे होते, तिथेच नातू तो दाखला घेऊन पाच टक्के राखीव जागांच्या नोकरीसाठी उभा आहे. स्वतःच्या जिल्ह्यातल्या विस्थापिताला आपण चाळीस वर्षं ताटकळत ठेवतो, तर सीमेपलीकडून आलेल्याचं काय, हा प्रश्न मला टोचतो.

यावर एक आक्षेप मी रोज ऐकते, आणि तो घेणारी माणसं वाईट नाहीत. "ताई, आमच्या पोरांनाच काम नाही. जुनी मिल गेली, लक्ष्मी गेली, विष्णू गेली. भोंगे बंद झाले. पोरं पुण्याला पळतात. त्यात बाहेरच्यांना कामाची परवानगी कशाला?" हे बोलणारा माणूस स्वतः रात्रपाळीला टॉवेलचा माग चालवतो. त्याची भीती खरी आहे. तुर्कस्तानात लाखो सीरियन आले आणि २०१६ पर्यंत बहुतेकांना कामाची कायदेशीर परवानगीच नव्हती. म्हणून ते लपूनछपून, मिळेल त्या मजुरीवर काम करत राहिले, आणि त्यात नोंदणीशिवाय काम करणारे तिथले गरीब मजूरच भरडले गेले. परवाना नसलेला माणूस कमी दरात राबतो, तक्रार करत नाही, मालक त्याचाच दर सगळ्यांना लावतो. रात्रपाळीच्या त्या माणसाला मी हेच सांगते की तुमचा दर राखायचा असेल, तर शेजारच्या मागावर बसणाऱ्याला कागद मिळायला हवा. परवाना अडवून ठेवला म्हणून माणूस काम थांबवत नाही, तो फक्त स्वस्त होतो. माझं बोलणं त्यांना दर वेळी पटतं असं नाही.

भारताने संयुक्त राष्ट्रांच्या १९५१च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. कुणाला काय मिळेल, हे तो कोणत्या देशातून, कोणत्या वर्षी, कोणत्या सरकारच्या काळात आला यावर ठरतं. तिबेटींसाठी केंद्राने २०१४ मध्ये पुनर्वसन धोरण काढलं, पण राज्यं ते किती मनावर घेतात यावर सगळं अवलंबून. मला तीन गोष्टी हव्यात आणि त्या खर्चिक नाहीत. ओळख पटली की काही आठवड्यांत कामाचा आणि धंद्याचा परवाना. पहिल्या वर्षी कामाबरोबरच भाषेचा वर्ग, तोही बायकांच्या वेळेत आणि मुलं सांभाळण्याच्या सोयीसह. आणि येताना आणलेलं शिक्षण, आणलेला हुन्नर तपासून त्याला मान्यता देणारी एक खिडकी, म्हणजे परिचारिकेला भांडी घासायला लागू नयेत.

दर हिवाळ्यात सोलापुरात तिबेटी स्वेटरवाले येऊन बसतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ मध्ये तिबेटींची वसाहत झाली, तिथली एक बाई गेली नऊ वर्षं माझ्या ओळखीची आहे. मराठी माझ्या मुलीइतकंच सहज बोलते. माल लुधियानाचा. तिथले व्यापारी तिला उधारीवर माल देतात, लिहून काही घेत नाहीत, हंगाम संपला की ती पै न् पै चुकती करते. तिच्या आईपासून हे असंच चालत आलं आहे. दोन वर्षांपूर्वी तिने मला तिची डायरी दाखवली, मी सहज बेरीज तपासून दिली. चुकीचा एक आकडा नव्हता. या डायरीवर कुठलीही बँक कर्ज देईल, असं मी म्हटलं. तिने पिशवीतून नोंदणीचं प्रमाणपत्र काढून पुढे केलं. जन्म इथला, शाळा इथली, आणि कागद मात्र परदेशी माणसाचा, ठरल्या मुदतीला नूतनीकरणाला न्यायचा. बँकेत तिने विचारून पाहिलं होतं.

कॅनडाने काही वर्षांपूर्वी अरुणाचलमधल्या हजारभर तिबेटींना नेऊन वसवलं. तिची मावसबहीण त्यांच्यात होती. पहिली दोन वर्षं तिने टोरांटोत एका वृद्धाश्रमात लादी पुसली, रडून फोन करायची. विमानातून उतरली तेव्हाच तिला कायम राहण्याचा कागद मिळाला होता. आता ती त्याच वृद्धाश्रमात सेविकेचं प्रशिक्षण पुरं करून नोकरीला आहे आणि तिने घरासाठी कर्ज घेतलं आहे. हे सांगताना सोलापूरच्या या बाईने एक मरून रंगाचा स्वेटर घडी घालून माझ्या पिशवीत ठेवला, पाचशेची नोट घेतली आणि डायरीत लुधियानाच्या खात्यावर तेवढी रक्कम कमी केली.